सार्वजनिक ग्रंथालयाच्या वापराचे आकडे: रोजच्या खुणेपासून वार्षिक अहवालापर्यंत

दैनिक देवघेवीची वही आणण्याआधी एक कागद घ्या आणि ‘देवघेव’ म्हणजे तुमच्याकडे नेमके काय, ते त्यावर लिहा. एक सभासद आला, दोन पुस्तके परत केली, दोन नवी नेली, तिसऱ्याला मुदतवाढ घेतली. ही देवघेव दोन, तीन की पाच? टेबलावर बसणारे दोघे याची दोन उत्तरे देत असतील तर वर्षाची बेरीज चुकणारच. सोपा नियम असा: बाहेर गेलेले प्रत्येक पुस्तक एक, परत आलेले मोजायचे नाही, मुदतवाढ वेगळ्या रकान्यात. वरची नोंद मग ‘देवघेव २, मुदतवाढ १’ अशी होते. अहवालाच्या नमुन्यात मुदतवाढ धरायची असेल तर मिळवता येते, नसेल तर सोडता येते. एकदा मिसळली की वेगळी काढता येत नाही. हा कागद वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ खाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड वर्गाप्रमाणे अनुदान मिळते, म्हणून हे आकडे १ एप्रिल ते ३१ मार्च या आर्थिक वर्षाचेच हवेत. वहीत एका दिवसाला एक ओळ पुरते: तारीख, प्रौढांची पुस्तके, बालविभाग, नियतकालिके, दिवाळी अंक, मुदतवाढ, भेटी आणि नोंद करणाऱ्याची सही. बंद दिवशी ‘०’ लिहू नका, ‘बंद’ लिहा. शून्य म्हणजे ग्रंथालय उघडे होते पण कोणी आले नाही. दोन्ही एकत्र झाले की रोजची सरासरी विनाकारण खाली येते.

दिवाळी अंकांचा रकाना वेगळा का? बहुतेक वाचनालये त्यांची स्वतंत्र योजना काढतात, वर्गणीही निराळी घेतात. नोव्हेंबर ते जानेवारी हे अंक हातोहात फिरतात. ते पुस्तकांच्या देवघेवीत धरले, पण दाखल नोंदवहीत ग्रंथ म्हणून चढलेले नसले, तर देवघेवीचा आकडा फुगतो आणि ग्रंथसंख्या तेवढीच राहते. मग एप्रिलमध्ये ‘वाचन घटले’ अशी काळजी सुरू होते. वाचन घटलेले नसते, अंक संपलेले असतात.

कार्डपद्धत असेल तर दिवसाची मोजणी संध्याकाळी, कार्डे ट्रेमध्ये मिसळण्याआधी करा. त्या दिवशी दिलेल्या पुस्तकांची कार्डे हातात असतात तेव्हा पाच मिनिटांचे काम आहे, दुसऱ्या दिवशी तासाचे. गर्दीच्या वेळी टेबलाजवळच्या कागदावर चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, असे पाचाचे गठ्ठे करत जा. ई-ग्रंथालय किंवा कोहा ही ग्रंथालयाची संगणकप्रणाली वापरत असाल तर तारखेपासून तारखेपर्यंतचा अहवाल निघतो, पण तो डोळे झाकून घेऊ नका. वीज गेली की देवघेव कागदावर होते आणि दुसऱ्या दिवशी संगणकात चढते. ३१ तारखेच्या संध्याकाळची पुस्तके अशाने पुढच्या महिन्यात जातात. महिन्यातून एक दिवस हाताने मोजा आणि संगणकाच्या आकड्याशी ताडून पाहा. फरक निघाला तर आधी चाचणीसाठी उघडलेले खोटे सभासद, मग दोनदा स्कॅन झालेली पुस्तके शोधा.

भेटींची मोजणी सर्वांत निसरडी. वर्तमानपत्र वाचायला येणारा सही करायला नाखूश असतो, त्यामुळे सह्यांच्या वहीतला आकडा नेहमी कमीच. दर दोन तासांनी डोकी मोजली तर त्या क्षणी किती जण बसले होते ते कळते. मात्र ही बेरीज म्हणजे भेटी नव्हेत, कारण तीन तास बसलेला माणूस दोनदा मोजला जाऊ शकतो. दाराला मोजणी यंत्र असेल तर येणे आणि जाणे दोन्ही मोजले जाते का ते पाहा. जात असेल तर आकडा निम्मा करा. अभ्यासिका हा आणखी वेगळा प्रकार: स्पर्धा परीक्षेची मुले सकाळी येतात, रात्री जातात आणि मधे चहाला चार वेळा बाहेर पडतात. त्यांची एका दिवसाला एकच भेट धरा आणि रकाना निराळा ठेवा, नाहीतर वीस मुलांची शंभर होतात.

रोज मोजायला माणूस नसेल तर प्रत्येक तिमाहीत एक आठवडा दारापाशी बसून पूर्ण मोजणी करा. गणपती, दिवाळी आणि यात्रेचा आठवडा टाळा, पण आठवडी बाजाराचा दिवस त्यात आला पाहिजे. समजा सहा दिवसांत २५२ भेटी झाल्या, म्हणजे दिवसाला ४२. तिमाहीत ग्रंथालय ७६ दिवस उघडे होते, तर ४२ × ७६ = ३,१९२. शेजारी ‘अंदाजित’ असे स्पष्ट लिहा. पद्धतशीर अंदाजाला कोणी हसत नाही, अंदाजपंचे दाहोदरसे लिहिलेल्या आकड्याला हसतात.

बसून वाचलेली पुस्तके मोजायला ‘वाचून झालेले पुस्तक टेबलावरच ठेवा’ अशी पाटी लावा आणि कपाटात लावण्यापूर्वी गठ्ठा मोजा.

सभासदसंख्या किर्दीशी, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीशी, जुळवा. मासिक वर्गणी ३० रुपये, कागदावर सभासद २१०, आणि महिन्याची जमा ४,५०० रुपये असेल तर वर्गणी भरणारे १५० आहेत. थकबाकी किंवा आगाऊ वर्गणीने थोडा फरक पडेल, साठाचा सहसा नाही. अनामत परत न नेता गाव सोडून गेलेले सभासद वर्षानुवर्षे यादीत राहतात. म्हणून दोन आकडे ठेवा: नोंदलेले, आणि वर्षात एकदा तरी पुस्तक नेलेले.

विषयवार तक्ता करताना ड्यूईच्या दशांश वर्गीकरणाचे (पुस्तकांना विषयाप्रमाणे ००० ते ९९९ क्रमांक देण्याच्या पद्धतीचे) दहा मुख्य वर्ग आपल्याकडे पुरत नाहीत. मराठी साहित्य ८९१.४६ खाली येते, त्यामुळे कादंबरी, कविता, नाटक सगळे ८०० मध्ये कोंबले जाते आणि तक्ता काहीच सांगत नाही. ८०० चे निदान कादंबरी, कथा, नाटक, कविता आणि ललित असे तुकडे पाडा.

वर्षअखेरी तीन भागाकार पुरेत. समजा देवघेव १८,६००, ग्रंथ १२,४००, नोंदलेले सभासद ३१० आणि कामाचे दिवस ३००. दिवसाला ६२, सभासदामागे ६०, ग्रंथामागे १.५. शेवटचा आकडा विभागवार काढला की खरेदी समितीला उपयोगी पडतो: बालविभागाचा ४ आणि संदर्भेतर इतिहासाचा ०.२ असेल तर पुढची खरेदी कुठे करायची यावर वाद उरत नाही.

अहवालात यंदाच्या शेजारी मागील वर्षाचा आकडा द्या आणि दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तिथे एका ओळीत कारण लिहा: ‘जूनमध्ये छतदुरुस्तीसाठी १८ दिवस बंद’, ‘ऑगस्टपासून मुदतवाढ वेगळी’. मोजण्याची पद्धत बदलली असेल तर ते लपवू नका. कोणी काय वाचले याची नावनिशीवार यादी मात्र अहवालाला कधीच जोडू नका.

जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात गेलेल्या अहवालाची पोच घेतलेली प्रत दैनिक वहीसोबत एकाच फायलीत लावा. पुढच्या वर्षी ‘मागील वर्ष’ हा रकाना भरताना हीच प्रत समोर हवी. तो आठवणीने भरला की एकाच वर्षाचे दोन निरनिराळे आकडे कार्यालयात जाऊन बसतात आणि खुलाशाचे पत्र येते.