गौरवफलकाचं काम अंगावर आलं तर

कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची टीम यायची असली किंवा संस्थेचं पन्नासावं, पंचाहत्तरावं वर्ष उजाडलं, की प्राचार्यांच्या केबिनमधून निरोप येतो. "आपल्या विद्यापीठाशी संबंधित पुरस्कारविजेत्या विद्वानांची, शास्त्रज्ञांची एक यादी करा, फलक लावायचाय. शुक्रवारपर्यंत." हे काम हमखास ग्रंथालयात येतं, कारण ग्रंथालयातल्या माणसांना वेळच वेळ असतो अशी सगळ्यांची ठाम समजूत. मी मुंबई विद्यापीठाशी संलग्न एका कॉलेजच्या ग्रंथालयात ३१ वर्षं काढली आणि एवढ्या काळात असे तीन फलक केले. त्यातला पहिला चुकला.

चूक माझीच. काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत मी कोरून घेतलं होतं: 'म.म. पां. वा. काणे, साहित्य अकादमी पुरस्कार (मराठी), १९५६'. काणे मराठी माणूस, तेव्हा पुरस्कार मराठीचाच, हे मी न तपासता धरून चाललेले. उद्घाटनाच्या सकाळी संस्कृतचे एक निवृत्त प्राध्यापक चष्मा कपाळावर चढवून फलकापाशी उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, हा पुरस्कार संस्कृतसाठी आहे. 'धर्मशास्त्राचा इतिहास', चौथा खंड." तो ग्रंथ लिहिलाय इंग्रजीत, लेखक रत्नागिरीकडचा मराठी माणूस आणि पुरस्कार संस्कृत विभागात! पाहुणे यायला चाळीस मिनिटं होती. आमच्या शिपाईमामांनी झेंडूचा हार सोडवून वीतभर खाली बांधला, नेमका त्या ओळीवर. फोटोत तो हार इतका खाली का लोंबतोय, हे आजवर कोणी विचारलेलं नाही.

तेव्हापासून मी यादी लिहीत नाही, कार्डं लिहिते. तुम्हीही तेच करा. ग्रंथालयात संगणक आले तेव्हा जुनी तालिका कार्डं रद्दीत निघाली. पाच बाय तीन इंचांची, मागची बाजू कोरी. बुटांच्या खोक्यात ती उभी छान बसतात. नसतील तर जाड पुठ्ठा कापा. संगणकावर यादी करू नका असं नाही, पण ती शेवटी करा. स्क्रीनवर टाइप झालेली गोष्ट खरीच वाटायला लागते. पेन्सिलीने लिहिलेल्यावर निदान संशय तरी घेता येतो.

एका कार्डावर एक माणूस असं करू नका, एक पुरस्कार लिहा. डॉ. रघुनाथ माशेलकरांचीच चार कार्डं होतात: विज्ञानातला शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार १९८२, पद्मश्री १९९१, पद्मभूषण २०००, पद्मविभूषण २०१४. लंडनच्या रॉयल सोसायटीचे ते १९९८ मध्ये फेलो झाले. त्याचं कार्ड मी पिवळ्या रंगाचं करते, कारण ते सदस्यत्व आहे, पुरस्कार नव्हे. दोन्ही एकत्र केलंत की फलकावर 'सहा पुरस्कार', 'आठ पुरस्कार' असे आकडे फुगायला लागतात.

कार्डावर ओळी पाच. पूर्ण नाव, विद्यापीठाशी नातं, पुरस्कार आणि तो कशासाठी, वर्ष, आणि हे मी कुठे पाहिलं. दुसरी ओळ भरल्याशिवाय बाकीच्या ओळींना हात लावायचा नाही, हा माझा नियम. मारामाऱ्या होतात त्या सगळ्या या ओळीवर.

'संबंधित' हा शब्द फार लबाड आहे. शिकलेला संबंधित, शिकवलेला संबंधित, कुलगुरू झालेला संबंधित आणि आवाराच्या भिंतीआत ज्याची संस्था आहे तोही संबंधितच. सर सी. व्ही. रामन यांचंच बघा. पदव्या मद्रास विद्यापीठाच्या. १९३० मध्ये नोबेल मिळालं तेव्हा ते कलकत्ता विद्यापीठात पालित अध्यासनाचे प्राध्यापक. आणि २८ फेब्रुवारी १९२८ चा प्रयोग झाला तो बोबाजार रस्त्यावरच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्सच्या प्रयोगशाळेत. तिघांनीही फलकावर नाव लावलं तर कोणीच खोटं बोलत नाही. फक्त प्रत्येकाने 'आमचे विद्यार्थी', 'आमचे प्राध्यापक', 'आमच्या प्रयोगशाळेत' असं स्वच्छ लिहायला हवं. बाबासाहेबांचं तसंच. मुंबई, कोलंबिया आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, तिघांचाही हक्क खरा. भारतरत्न १९९० चं, आणि तिथे 'मरणोत्तर' हा शब्द विसरायचा नाही.

म्हणून नात्याच्या ओळीत मी चारच शब्दांपैकी एक लिहू देते: विद्यार्थी, अध्यापक, पदाधिकारी, शेजारी. दोन लागू असतील तर दोन. काणे मुंबई विद्यापीठाचे विद्यार्थी आणि १९४७ ते १९४९ कुलगुरू, म्हणजे विद्यार्थी आणि पदाधिकारी. त्यांना १९६३ मध्ये भारतरत्न मिळालं ते आयुष्यभराच्या विद्वत्तेबद्दल. 'कुलगुरू असताना केलेल्या कार्याबद्दल' असं कुणी लाडात येऊन लिहील, ते खोडा.

'शेजारी' हा शब्द मला पुण्याने शिकवला. गणेशखिंडीत पुणे विद्यापीठाच्या आवारात फिरलात तर खगोलशास्त्राची आयुका ही संस्था लागते, पलीकडे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र लागतं. जयंत नारळीकर, गोविंद स्वरूप ही माणसं तिथली. बाहेरच्या माणसाला वाटतं, सगळे पुणे विद्यापीठाचेच. पण आयुका स्वतंत्र संस्था, १९८८ ची. ते रेडिओ केंद्र तर मुंबईच्या टीआयएफआरचं, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं. नारळीकरांना भटनागर पुरस्कार मिळाला १९७८ मध्ये, तेव्हा ते टीआयएफआरमध्येच होते. गोविंद स्वरूप यांना १९७२ मध्ये. नारळीकरांच्या पदव्या बनारसच्या आणि केंब्रिजच्या. स्मिथ्स प्राइझ आणि ॲडम्स प्राइझ हे दोन्ही केंब्रिजच्या खात्यावर जमा. पुणे विद्यापीठाच्या फलकावर त्यांना जागा हवी असेल तर 'शेजारी' म्हणून द्या. शेजारही काही कमी मानाचा नाही.

नारळीकरांच्या बाबतीत आणखी एक सांगते. त्यांना 'शास्त्रज्ञ' या रकान्यात टाकून मोकळे झालात तर २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार सुटतो. तो 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्राला आहे, आणि तो मात्र मराठीचाच. तपासलाय.

मुंबईवाल्यांसाठी सगळ्यात किचकट जागा म्हणजे माटुंग्याचं यूडीसीटी. १९३३ मध्ये सुरू झालेला हा मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग. २००८ मध्ये तो अभिमत विद्यापीठ झाला, आता आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) म्हणतात. मग तिथल्या लोकांचे पुरस्कार कुणाचे? माझी पद्धत साधी आहे. पुरस्काराच्या वर्षी त्या जागेचं नाव काय होतं ते लिहायचं, आजचं नाव पुढे 'आताचे' म्हणून. मनमोहन शर्मा तिथेच शिकले, केंब्रिजला पीएच.डी. करून तिथेच प्राध्यापक म्हणून परतले. त्यांचा १९७३ चा भटनागर पुरस्कार म्हणजे शंभर टक्के मुंबई विद्यापीठाच्या नोकरीत असताना मिळालेला. माशेलकरांची बी.केम. आणि पीएच.डी. यूडीसीटीची, पण १९८२ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत होते. एकाच इमारतीतून निघालेली दोन माणसं, पुरस्कारही तोच, आणि दुसऱ्या ओळीत एकाला 'विद्यार्थी, अध्यापक', दुसऱ्याला नुसतं 'विद्यार्थी'. एवढं नीट लिहिलंत की दोन्ही संस्थांची माणसं फलकासमोर चहा पिऊ शकतात.

तसंच १९४९ च्या आधीचं. पुणे विद्यापीठ १९४९ चं आहे. त्याआधी फर्ग्युसन असो, कोल्हापूरचं राजाराम असो, पदवी मुंबईची. तेव्हा 'फर्ग्युसनचे म्हणजे पुण्याचे' असं कोणी म्हटलं तर आधी साल विचारा. इरावती कर्वे फर्ग्युसनच्या, पण पदवी मुंबई विद्यापीठाची. एम.ए. मुंबईत समाजशास्त्रज्ञ घुर्यांच्या हाताखाली, डॉक्टरेट बर्लिनची, नोकरी पुण्यात डेक्कन कॉलेजात, आणि 'युगान्त'साठी साहित्य अकादमी १९६८ मध्ये. चार संस्थांत फलक लागू शकेल.

आता वर्ष. या ओळीने मला जितका त्रास दिला तितका कुणी दिला नसेल. पुरस्कार कोणत्या सालचा, जाहीर कधी झाला, हातात कधी पडला, या तीन वेगळ्या तारखा असतात. विंदा करंदीकरांचं ज्ञानपीठ २००३ सालचं, प्रदान झालं २००६ मध्ये. भालचंद्र नेमाड्यांचं २०१४ चं, जाहीर झालं फेब्रुवारी २०१५ मध्ये. वर्तमानपत्राचं कात्रण समोर ठेवून लिहिलंत तर दोन्ही चुकतील. पुरस्कार ज्या सालचा म्हणून दिलाय तेच साल धरा आणि सगळ्या फलकावर तोच नियम ठेवा.

पद्म पुरस्कारांसाठी एक सोपी चाळणी आहे. १९७८ आणि १९७९ या वर्षी, आणि पुढे १९९३ ते १९९७ या काळात हे पुरस्कार दिलेच गेले नाहीत. आमच्याकडे एका विभागाने मोठ्या अभिमानाने 'पद्मश्री, १९७९' असं नाव पाठवलं होतं. मी चिठ्ठी परत केली, सोबत गृहमंत्रालयाच्या यादीचं त्या आसपासचं पान. दोन दिवसांनी उत्तर आलं, 'टंकलेखनातील चूक.' बरं.

आणि कृपा करून 'पद्मभूषण डॉ. अमुक' असं नावाआधी लावू नका. हे किताब नाहीत. राज्यघटनेच्या अठराव्या कलमाने किताब बंद झाले, आणि भारतरत्न किंवा पद्म पुरस्कार नावाच्या मागेपुढे जोडायचे नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितलंय. अर्ध्या महाराष्ट्राच्या लग्नपत्रिका आणि निम्मे फ्लेक्स यात बसत नाहीत, ते सोडा. विद्यापीठाच्या भिंतीवर तरी नाव आधी, पुरस्कार नंतर, स्वतंत्र ओळीत. काण्यांचं 'म.म.' वेगळं, ती महामहोपाध्याय ही त्या काळची पदवी आहे.

पाचव्या ओळीत 'इंटरनेट' असं लिहिलेलं कार्ड मी फाडते. पद्मसाठी गृहमंत्रालयाची यादी, साहित्य अकादमीसाठी अकादमीची भाषावार यादी (काणे तिथे संस्कृतच्या पानावर सापडतात, हे एव्हाना कळलं असेल), भटनागरसाठी सीएसआयआरची (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची) विषयवार यादी. भटनागरबद्दल एवढं लक्षात ठेवा की २०२४ पासून त्याचं नाव 'विज्ञान युवा–शांतिस्वरूप भटनागर' झालंय, जुन्यांना नवं नाव लावू नका. माणूस खरंच आपल्याकडे शिकला का, यासाठी विद्यापीठाची जुनी कॅलेंडरं बघा. कॅलेंडर म्हणजे भिंतीवरचं नव्हे. ते जाडजूड वार्षिक पुस्तक असतं, त्यात पदवीधरांची नावं असतात. पानं हात लावताच तुटतात, तेव्हा झेरॉक्सच्या काचेवर उपडं दाबू नका, मोबाइलने फोटो काढा.

यात एक नाव मी प्रत्येक वेळी भांडून घातलं. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.त पहिल्या आल्या, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत बाई म्हणून प्रवेश नाकारला तर तिथे ठाण मांडून बसल्या, १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या. नीरेवरच्या संशोधनाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पण भटनागर नाही, पद्म नाही, म्हणून चाळण्यांतून त्या गळतात. त्यांची बहीण दुर्गाबाई 'पैस'मुळे अकादमीच्या यादीत (१९७१) आपोआप येतात. दोन बहिणी, दोघी आपल्याच विद्यापीठाच्या. एक भिंतीवर आणि एक नाही, हे मला बघवेना.

कोरायला देताना: ग्रॅनाइटवर सलग कोरू नका. प्रत्येक नावाची पितळी पट्टी वेगळी करा, चार स्क्रूंवर बसेल अशी, म्हणजे चुकली तर एकच पट्टी उतरेल आणि हाराची गरज पडणार नाही. मजकूर कोरणाऱ्याला मराठीत टाइप करून द्या. इंग्रजी यादी दिलीत तर त्याचं मशीन भाषांतर करून 'पी. व्ही. केन' आणेल. आमच्याकडे आणलं होतं. प्रूफ दोघांनी वाचायचं, एकाने मोठ्याने, दुसऱ्याने कार्ड हातात धरून. अनुस्वार आणि आकडे बोट ठेवून.

फलक लागला की आठवड्याभरात कोणीतरी येतंच, 'आमच्या आजोबांचं नाव राहिलं' म्हणत. वाद घालू नका, कोरं कार्ड पुढे करा. बहुतेक जण दुसऱ्या ओळीशी अडतात आणि 'घरी विचारून सांगतो' म्हणून जातात. एक गृहस्थ मात्र परत आले. धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेलं सोन्याचं पदक आणलं होतं, विद्यापीठाच्या परीक्षेतलं. घरच्यांच्या सांगण्यात साल एक. मी भिंग घेतलं आणि पदक उभं धरून त्याची कड फिरवली. तिथे बारीक अक्षरांत नाव आणि साल कोरलेलं होतं, घरचे सांगत होते त्याच्या दोन वर्षं आधीचं. गृहस्थ बराच वेळ भिंगातून बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आजीशी लग्न व्हायच्या आधीचं." मी पाचव्या ओळीत लिहिलं: पदकाची कड, स्वतः पाहिली.