दहावीचं जीवशास्त्र : आधी रानात, मग पुस्तकात

माझ्याकडं संध्याकाळी दहावीची लेकरं शिकायला येतात, सगळी आसपासच्या वाडी-तांड्यावरची, आणि दरवर्षी जुलै आला की एकच तक्रार, ताई गणित जमायलंय पण विज्ञान भाग दोन ध्यानातच राहत नाही, लै पाठांतर आहे. खरं सांगू का, पाठांतर त्याच्यात फार कमी आहे. चार-पाच गोष्टी पक्क्या कळल्या की अर्ध्याच्या वर पुस्तक त्यांच्यावरच उभं आहे. त्या कशा पक्क्या करायच्या, मी लेकरांकडून जसं करून घेते तसंच लिहिते.

मी शाळेत असताना परासरणाची, म्हणजे पेशीच्या पटलातून पाणी कुठून कुठं जातं त्याची, व्याख्या मला झोपेतून उठवलं तरी म्हणता आली असती. त्याच वर्षी आमच्या कापसाच्या दोन सऱ्यांना युरिया जास्त पडला, वर पाऊस लांबला, अन् चार-पाच दिवसांत त्या सऱ्या करपल्या. बाबांनी विचारलं, खत घातलं तर झाड वाढाया पाहिजे, हे वाळलं कसं गं? मला काहीच सांगता आलं नाही. उत्तर त्या पाठ केलेल्या व्याख्येतच होतं आणि मला दिसलं नाही, ते मला अजून लागतं.

म्हणून पहिलं काम, एक शंभर पानी वही घ्या. डाव्या पानावर घरातला नाहीतर रानातला एक प्रश्न लिहायचा, उजव्या पानावर त्याचं उत्तर, आधी आपल्या बोलीत आणि खाली पुस्तकातल्या शब्दांत. प्रश्न आधी, धडा नंतर, हा क्रम मोडू नका.

परासरणापासूनच सुरू करा. बटाट्याचे पट्टीनं मोजून 5 सेंटीमीटरचे दोन सारखे काप करा, एक साध्या पाण्यात टाका, दुसरा अर्धा पेला पाण्यात दोन चमचे मीठ विरघळवून त्याच्यात. दोन-तीन तासांनी काढून हातात घ्या. साध्या पाण्यातला टणक असतो, वाकवला की कटकन मोडतो. मिठातला लिबलिबीत, वाकतो पण मोडत नाही, आणि पुन्हा मोजला तर जरा आखूडच भरतो. पेशीच्या पटलातून पाणी सहज जातं, मीठ तसं जात नाही, त्याच्यामुळं जिकडं विरघळलेला पदार्थ जास्त तिकडं पाणी ओढलं गेलं. आता ते कापसाचं मूळ डोळ्यासमोर आणा. जमिनीत ओल कमी आणि युरिया जास्त, म्हणजे मुळाच्या बाहेरचं पाणी मुळातल्यापेक्षा दाट झालं, मग मुळानं पाणी घ्यायच्या ऐवजी मुळातलंच पाणी बाहेर निघालं. कैरीला मीठ लावल्यावर पाणी सुटतं ते हेच, लोणचं टिकतं त्यालाही हेच कारण, जंतूंच्या पेशीतलं पाणी पण मीठ ओढून घेतं. एक बटाटा आणि तीन उत्तरं. हा प्रयोग वाचून सोडू नका, करा, तो मऊ पडलेला काप बोटांना कळल्याशिवाय ही गोष्ट डोक्यात बसत नाही.

श्वसनासाठी सोयाबीनची बनीम, म्हणजे कापून रचलेला ढीग. काढणीच्या वेळी पाऊस झाला आणि बनीम भिजली की दोन दिवसांनी मोठ्या माणसाला विचारून आत हात घाला, चांगलं गरम लागतं. आग कुणी लावली? कुणीच नाही, ओले दाणे आणि त्याच्यावरची बुरशी श्वसन करायलेत, अन्न तोडून निघालेली थोडी ऊर्जा एटीपीत, म्हणजे पेशी ऊर्जा साठवते त्या रेणूत, जाते आणि बाकीची उष्णता म्हणून बाहेर पडते. दाण्याला ना नाक ना फुप्फुस, म्हणजे श्वास घेणं वेगळं आणि पेशीतलं श्वसन वेगळं, एवढं इथंच पक्कं करा. आणि झाडं दिवसा प्रकाशसंश्लेषण अन् रात्री श्वसन करतात असं निम्मी लेकरं लिहितात, ते चूक आहे. श्वसन चोवीस तास चालू असतं, दिवसा प्रकाशसंश्लेषण जास्त असल्यामुळं ते झाकलं जातं इतकंच.

पेशीविभाजन मी फार लांबवत नाही. लोकरीचे आठ तुकडे घ्या, एकाच रंगाचे अन् लांबीचे दोन-दोन मधोमध बांधून चार गुणसूत्रं करा, एक लांब जोडी आणि एक आखूड जोडी, प्रत्येक जोडीत एक लाल आईकडचा, एक निळा बाबांकडचा, आणि ताटात मांडून पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था हातानं सरकवत जा, पश्चावस्थेत प्रत्येक गाठ सोडून तिचे दोन तुकडे दोन बाजूंना न्यायचे. दोनदा केलं की चित्र आपोआप काढता येतं.

आनुवंशिकतेला जरा वेळ द्या, मार्क इथंच जातात. मेंडेलनं वाटाण्याच्या दुसऱ्या पिढीत 7324 बिया मोजल्या, 5474 गोल निघाल्या, 1850 सुरकुतलेल्या. भागून बघा, 3:1 च्या नियमानं 3 यायला पाहिजे, पण येतं 2.96. हे का ते कळायला दोन नाणी घ्या, एक आईकडचं अन् एक बाबांकडचं जनुक समजा, छापा म्हणजे उंच, काटा म्हणजे बुटका, दोन्ही काटे पडले तरच झाड बुटकं. चार वेळा उडवा, 3:1 येईलच असं नाही. शंभर वेळा उडवा, जवळपास येतं. मग वहीत हा प्रश्न लिहा, संकरित कापसाचं बी दरवर्षी विकत का आणावं लागतं आणि सोयाबीनचं घरचं का चालतं? संकरिताची पहिली पिढी एकसारखी असते, तिचंच बी पेरलं की मेंडेलच्या वाटाण्यासारखे गुण वेगळे होतात आणि रान एकसारखं राहत नाही. सोयाबीनचं वाण सरळ, फूल स्वतःचंच परागण करतं, त्याच्यामुळं उगवण तपासून घरचं पेरता येतं. ओल्या गोणपाटात 100 दाणे, 70 किंवा जास्त उगवले की बी चांगलं, हे तर घरी सगळ्यांना माहीत असतंय.

उत्क्रांतीला बोंडअळी. बीटी कापसाला, म्हणजे ज्याच्या झाडातच अळीला मारणारं प्रथिन तयार होतं त्याला, देशात 2002 मध्ये परवानगी मिळाली आणि 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीनं आपल्याकडं बीटीचीच बोंडं पोखरली. पेपरात लेकरं लिहितात, अळीनं स्वतःला बदलून घेतलं. तसं नसतं. हजारो अळ्यांत थोड्या आधीपासूनच टिकणाऱ्या होत्या, बाकीच्या मेल्या, ह्या उरल्या, आणि पुढची पिलावळ ह्यांचीच झाली. निवड म्हणजे हे.

रोजचं काम वीस मिनिटांचं. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आकृती काढा, नावं द्या, मग पुस्तक उघडून चुकलेलं लाल पेननं दुरुस्त करा. उघडं पुस्तक बघून काढलेल्या आकृतीचा उपयोग नाही. नंतर धाकट्या भावाला किंवा आजीला तीच गोष्ट समजावून सांगा, जिथं अडखळाल तिथंच कच्चं आहे. अवघड शब्द फोडा, हरितलवक म्हणजे हिरवा रंग असलेलं लवक, समयुग्मी म्हणजे जोडीतली दोन्ही जनुकं सारखी. सेमी इंग्लिशवाल्यांनी पण आधी मराठीत समजून घ्या आणि मग इंग्रजी नाव लावा. भाग दोनचा पेपर 40 मार्कांचा, दोन तासांचा, त्यात शास्त्रीय कारणे लिहा हा प्रश्न असतो, आणि तुमच्या वहीतलं डावं पान त्याच प्रश्नांचं झालेलं असेल.

प्राण्यांचं वर्गीकरण मात्र पाठच करावं लागतं, तिथं मी खोटं बोलत नाही. तरी पाऊस पडून गेल्यावर बांधावर चक्कर मारा, गांडूळ सापडलं की वलयांकित, गोगलगाय मृदुकाय, पैसा किडा संधिपाद, सापडेल तसं संघाचं नाव मोठ्यानं म्हणायचं आणि घरी येऊन वहीत लिहायचं.