कोअर हाताला गार लागला म्हणून दाबू नका

डांबरी रस्त्याच्या दोन थरांमधला बाँड, म्हणजे त्यांची एकमेकांना असलेली पकड, तपासायचं काम नव्यानं ज्यांच्या गळ्यात पडलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. टॅक कोट म्हणजे दोन थर चिकटवायला मधे मारलेला डांबराचा पातळ हात आणि कोअर म्हणजे रस्त्यातून कापून काढलेला गोल नमुना, हे ठाऊक असेलच. निपाणी-संकेश्वरकडे ऊसाच्या ट्रॉल्या जिथं वळतात, ब्रेक मारतात, तिथं वरचा थर सरकून पडलेल्या अर्धचंद्राकार भेगाही बघितल्या असतील. जोड कच्चा असला की असं होतं.

हा जोड किती जोर लावल्यावर सरकतो, हे मोजणारी ल्युटनर चाचणी तशी सोपी. 150 मिमी व्यासाचा कोअर आडवा धरायचा, जोड दोन कड्यांच्या मधोमध आणायचा आणि मिनिटाला 50 मिमी वेगानं दाबायचं. डांबरी मिश्रणाची ताकद तपासायचं मार्शलचं यंत्र जवळपास याच वेगानं चालतं. फक्त साचा वेगळा करून घ्या.

मेख आहे तापमानात. चाचणी 20 अंशांना करायची आणि एप्रिलात बेळगावच्या लॅबमध्ये एसी असतो तो साहेबांच्या केबिनला. डांबर तापलं की मऊ पडतं, मग चांगला जोडही नापास. डिसेंबरातल्या गार सकाळी उलटं, कच्चा जोड आरामात पास! थंड करायला ठेवलेला कोअर वरून गार लागतो, पण आतला भाग बराच वेळ गरमच राहतो. म्हणून एक जादा कोअर घ्या. जोडाच्या पातळीवर बाजूनं मध्यापर्यंत भोक पाडा, थर्मामीटर सरकवा, तोंड बुजवा आणि तो बाकीच्या कोअरांसोबतच 20 अंशांना ठेवा. त्यानं 20 दाखवलं की मगच पुढचं. तिथून बाहेर काढलेला कोअर लगेच दाबायचा. चहा आला तर चहा थांबेल.

कुणी सीनियर सांगेल, "एक्सेलमध्ये तापमानाचं करेक्शन मारून टाक." मान हलवा, पण मारू नका. डांबराचा ग्रेड बदलला, मिक्स बदललं की ते गणित कोलमडतं. असल्या सीनियरपेक्षा लॅबमधला जुना कानडी मदतनीस जास्त शिकवतो, हे माझं ठाम मत.

आकडे पसरलेले आले तर घाबरू नका, सगळ्यांचे येतात. जुन्या डांबरी पृष्ठावर चौरस मीटरला 0.20 ते 0.30 किलो इमल्शन (टॅक कोटचं पाण्यात मिसळलेलं डांबर) मारलं, तरी ते तपकिरीचं काळं व्हायच्या आत टिपर गेला तर चाकाखालचं निघून जातं. म्हणून कोअर चाकाच्या पट्ट्यातला की मधला, हे लिहा. वाहतुकीच्या दिशेचा बाणही काढा. आणि काढतानाच दोन तुकडे झालेला कोअर गटारात फेकायचा नाही. त्याचीही नोंद करायची, नाहीतर सरासरी फक्त टिकलेल्या कोअरांची निघते.