अनवाणी चालून टाचांना पडलेल्या भेगा: शेवटी काय लागू पडलं

घरात, अंगणात, गच्चीवर मी कायम अनवाणी. थंडी पडली की टाचेच्या कडेला पांढरी कडक कातडी यायची, तिच्यात उभ्या चिरा. चादरीत अडकायच्या, कधी रक्तही यायचं.

व्हॅसलीन चोपडलं, ते फरशीलाच लागलं. कोरड्या टाचेवर वजरी घासली, चिरा आणखी खोल. जाम वैतागलो होतो.

लागू पडलं ते असं. झोपण्यापूर्वी कोमट (कढत नव्हे) पाण्यात पाय १५ मिनिटं. कातडी मऊ पडली की वजरी हलक्या हाताने, फक्त कडेच्या जाड भागावर, भेगेच्या आत नाही. ब्लेडने तासायचा मोह टाळा. पाय टिपून घ्या आणि ओलसर असतानाच कोकमाचं तेल लावा. कोकणात ते घट्ट गोळ्याच्या रूपात मिळतं. पळीत जरा गरम केलं की वितळतं. बोटाला सोसेल इतकं निवलं की भेगांत भरायचं. तिथेच ते पुन्हा घट्ट बसतं, हीच त्याची खुबी. वर सुती मोजे, सकाळपर्यंत. तेल रोज, वजरी आठवड्यातून एकदाच.

आधी दुखणं थांबलं, मग भेगा भरल्या. चालतो अजूनही अनवाणीच. मात्र मधुमेह असेल किंवा भेगेत पू दिसला तर हे करत बसू नका, थेट डॉक्टरांना दाखवा.