हायब्रिड की साधी पेट्रोल? नागपूरकरांनो, बुकिंगआधी या चुका टाळा

दसऱ्याच्या चार दिवस आधी साडभाऊंचा फोन आला. "भाऊ, अठ्ठावीसचं ॲव्हरेज देते म्हन्ते. पेट्रोल पंपाचं तोंडच पाह्यचं काम नाही!" विषय हायब्रिडचा, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत विजेची मोटर असलेल्या गाडीचा. साडभाऊ मनीषनगरात राहतात, ऑफिस सिव्हिल लाइन्सला. जाऊन-येऊन सोळा किलोमीटर. रविवारी धरमपेठेत चक्कर, वर्षातून दोनदा रामटेक, एकदा शेगाव. गाडी वर्षाला फार तर ७,००० किलोमीटर चालते. ते एवढ्या उत्साहात होते की मी फोनवर काही बोललो नाही. संध्याकाळी कॅल्क्युलेटर घेऊन त्यांच्या घरी गेलो.

त्या संध्याकाळी निघालेल्या आणि नंतर इतरांच्या बाबतीत पाहिलेल्या चुका इथे मांडतो.

बिल्ला पाहून गाडी हायब्रिड समजणे

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून आधी तीच. काही वर्षांपूर्वी मागच्या दारावर 'हायब्रिड' लिहिलेली गाडी घेतली आणि कॉलनीत पेढे वाटले. ती होती माइल्ड हायब्रिड. म्हणजे आल्टरनेटरच्या (इंजिनवर फिरून बॅटरी भरणाऱ्या यंत्राच्या) जागी थोडी ताकदवान स्टार्टर-जनरेटर मोटर, सोबत एक छोटी जादा बॅटरी. सिग्नलला इंजिन बंद-चालू करणे आणि उचल घेताना थोडा धक्का देणे, एवढंच तिचं काम. फक्त बॅटरीवर ही गाडी एक मीटरही चालत नाही.

आपल्याकडे तर ही सोय उन्हाळ्यात आणखीच निकामी होते. अशा गाडीच्या एसीचा कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन थांबलं की गार हवा थांबते, म्हणून एसी जोरात असला की गाडी इंजिन बंद करायचंच टाळते. मे महिन्यात व्हेरायटी चौकात उभ्या उभ्या माझं 'हायब्रिड' इंजिन सुरूच असायचं.

खऱ्या, म्हणजे स्ट्राँग हायब्रिडमध्ये मोठी बॅटरी आणि चाकं फिरवू शकणारी मोटर असते. एसीचा कॉम्प्रेसरही विजेवर चालतो, त्यामुळे इंजिन बंद असतानाही गार हवा येत राहते. भारतात परवडणाऱ्या टप्प्यात अशा गाड्या मोजक्याच आहेत: टोयोटा हायरायडर, मारुती ग्रँड विटारा, मारुती व्हिक्टोरिस, होंडा सिटी ई:एचईव्ही. हायरायडर आणि ग्रँड विटारा या नावांनी माइल्ड हायब्रिडही विकली जाते, म्हणून नावावर जाऊ नका. शोरूममध्ये एकच प्रश्न विचारा: "ही गाडी इंजिन बंद ठेवून फक्त मोटरवर चालते का?"

भलत्याच गाडीशी तुलना

साडभाऊ एका बाजूला स्विफ्ट ठेवत होते, दुसऱ्या बाजूला हायरायडरचं टॉप मॉडेल. कंपनीचा आकडा पाहिला तर हायरायडर हायब्रिड २७.९७, आणि स्विफ्टची एएमटी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरवाली, २५.७५. म्हणजे कागदावर लिटरमागे सव्वादोन किलोमीटरचा फरक! हायब्रिडच्या आकड्याची कमाल त्याच गाडीच्या साध्या पेट्रोल मॉडेलशेजारी ठेवली तर दिसते. हलक्या, छोट्या गाडीशेजारी ती बरीच फिकी पडते.

उलट चूकही होते. स्ट्राँग हायब्रिड फक्त ऑटोमॅटिकमध्येच येते, आणि लोक तिची किंमत बेस मॉडेलच्या मॅन्युअलशी ताडून पाहतात. फरकातला मोठा हिस्सा ऑटोमॅटिकचा, सनरूफचा असतो, आणि बोल लागतो हायब्रिडला. ऑटोमॅटिकची तुलना ऑटोमॅटिकशी करा, सोयीही सारख्या धरा.

कराचा फरक न धरणे

२२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर जीएसटी १८ टक्के झाला. वर सांगितलेल्या हायब्रिड गाड्या चार मीटरपेक्षा लांब, इंजिन दीड लिटरच्या आसपास, म्हणून त्यांच्यावर ४० टक्के. छोटी पेट्रोल गाडी आणि हायब्रिड यांच्यातली दरी इथे आणखी रुंदावते. त्यावर आपला रोड टॅक्स किमतीच्या टक्क्यांत: पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, २० लाखांपर्यंत १२, त्यापुढे १३. गाडी महाग झाली की टक्काही चढतो.

"पण हायब्रिडला टॅक्स माफ आहे ना?" हा प्रश्न मला तीन जणांनी विचारला. ती बातमी उत्तर प्रदेशची. जुलै २०२४ मध्ये तिथल्या सरकारने स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला. एमएच-३१ किंवा एमएच-४९ च्या पाटीला त्याचा काही उपयोग नाही. आपले खासदार नितीन गडकरी यांनी २०२४ मध्ये हायब्रिडवरचा जीएसटी कमी करावा असं म्हटलं होतं, पण या गाड्या आजही वरच्याच टप्प्यात आहेत.

रनिंग न मोजता बुकिंग

सगळा निकाल इथे लागतो, म्हणून जरा थांबून वाचा.

पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरू. गावात साधी ऑटोमॅटिक १४ देते आणि हायब्रिड २२, असं हिशेबापुरतं मानू. साडभाऊंचे ७,००० किलोमीटर: साध्या गाडीला ५०० लिटर, हायब्रिडला ३१८. वाचले १८२ लिटर, म्हणजे वर्षाला १९,००० रुपये. किमतीतला फरक चार लाख मानू, त्यावर रोड टॅक्स धरून साडेचार. वसुलीला तेवीस वर्षं! साडभाऊंनी कॅल्क्युलेटर माझ्या हातातून घेऊन पुन्हा मोजलं. "मंग रिटायर होऊन वर पाच वर्षं चालवा लागते," ते म्हणाले.

आता त्यांच्याच बिल्डिंगमधला औषध कंपनीचा एमआर पाहा. इतवारी, गांधीबाग, सदर, कामठी रोड, दिवसभर डॉक्टरांच्या फेऱ्या, वर्षाला २५,००० किलोमीटर, बहुतेक गर्दीत. त्याचे ६५० लिटर वाचतात, म्हणजे ६८,००० रुपये. साडेसहा वर्षांत वसुली. बॅटरीची वॉरंटी आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर असते. एवढ्या रनिंगला ती किलोमीटरवर संपेल, जवळपास वसुली होते तेव्हाच. त्याने हायब्रिड जरूर घ्यावी.

पण तेच २५,००० किलोमीटर अमरावती-चंद्रपूरच्या रस्त्यावर होत असतील तर? ब्रेक मारताना वाया जाणारी शक्ती मोटर परत बॅटरीत भरते, हायब्रिडची कमाई ती. समृद्धीवर १२० ने सरळ निघालात तर ब्रेक लागतो कुठे? साधी गाडी १८ आणि हायब्रिड २१ धरली, तर वर्षाला जेमतेम २०,००० वाचतात.

नागपूरचा एक वेगळाच गुंता आहे. आपला रोजचा रस्ता जितका पुलावरून जातो, तितका हायब्रिडचा फायदा घटतो. वर्धा रोडचा ३.१४ किलोमीटरचा डबल-डेकर पूल धरला की खालचे सगळे सिग्नल चुकतात. मिहानला जाणाऱ्याला ते सुख, पण हायब्रिडच्या हिशेबात तोटा. महालातून बर्डीला खालून रडतखडत जाणाऱ्याचं गणित वेगळं. म्हणून आठवडाभर रोजचा आकडा डायरीत लिहा: किती किलोमीटर, त्यातले किती थांबत-थांबत.

सकाळी आठची टेस्ट ड्राइव्ह

शोरूमवाला सकाळी बोलावतो. रस्ते मोकळे, ऊन कोवळं, गाडी बॅटरीवर सरकत जाते आणि माणूस हरखतो. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या तापत्या नऊ दिवसांत, दुपारी दोनला जा. २०१३ च्या २३ मे रोजी या शहरात ४७.९ अंश नोंदले गेले आहेत. गाडी त्या शहरात चालवायची आहे. उन्हात तासभर उभी असलेलीच गाडी मागा, घरचे चार जण बसवा, एसी पूर्ण सोडा, मग इंजिन किती वेळा सुरू होतं ते ऐका. एसी बॅटरी ओढतो, ती भरायला इंजिन लागतं. हे बिघडल्याचं लक्षण नाही, पण ते माहीत असायला हवं.

डिक्कीही उघडून पाहा. सिटी पेट्रोलची डिक्की ५०६ लिटरची, हायब्रिडची ३०६. लग्नाच्या सीझनमध्ये हा फरक कळतो.

घेतल्यानंतरच्या तक्रारी

"गाडी सुरूच होत नाही." हायब्रिडमध्ये मोठ्या बॅटरीखेरीज साधी १२ व्होल्टची बॅटरीही असते, आणि गाडीचा मेंदू तिच्यावर जागा होतो. मुलाकडे पुण्याला महिनाभर राहून आलात की बहुतेक वेळा तीच बसलेली असते. जंप स्टार्ट, म्हणजे दुसऱ्या बॅटरीच्या जोरावर गाडी सुरू करणं, मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागेवरूनच करा. आपल्या हायब्रिडवरून शेजाऱ्याची गाडी मात्र जंप करू नका.

"सिग्नलला बॅटरी उतरत जाते." गिअर न्यूट्रलमध्ये टाकायची जुनी सवय असेल. या गाड्या साधारणपणे न्यूट्रलमध्ये बॅटरी भरत नाहीत. डी मध्येच ठेवा, ब्रेकवर पाय ठेवा. तसंच पडद्यावर 'रेडी' दिसल्याशिवाय गाडी सुरू झाली असं समजू नका. नुसतं बटण दाबून गाणी ऐकत बसलात तर १२ व्होल्टवालीच संपते.

"उन्हाळ्यात ॲव्हरेज पडलं, मागून पंख्याचा आवाज येतो." बऱ्याच हायब्रिडची बॅटरी केबिनच्या हवेवर थंड होते, आणि ती हवा मागच्या सीटजवळच्या जाळीतून आत जाते. त्या जाळीवर चादर, पिशवी, पोरांची दप्तरं टेकलेली असतात. आपली धूळ वेगळीच. जाळीमागचा फिल्टर प्रत्येक सर्व्हिसिंगला साफ करून घ्या, आणि झाला की नाही ते डोळ्यांनी पाहा. गाडी सावलीत लावा. लिथियम बॅटरी उष्णतेने लवकर म्हातारी होते. टायरची हवाही तपासा, निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

"ओव्हरटेक करताना इंजिन ओरडतं, वेग नंतर येतो." ई-सीव्हीटीचा, म्हणजे हायब्रिडच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा, स्वभाव तसा आहे. वर्कशॉपला जाऊन पैसे घालवू नका.

चौकातल्या ॲक्सेसरीजवाल्याला वायरी मात्र तोडू देऊ नका. नारंगी वेष्टणाच्या केबल म्हणजे घातक दाबाची वीज, तिथे हात नाही. इन्शुरन्स घेताना हायब्रिडची बॅटरी आणि पाण्याने झालेलं नुकसान पॉलिसीत आहे का, हे लेखी विचारा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला तेव्हा पार्किंगमधल्या कित्येक गाड्या बुडाल्या. पाण्यातून निघालेली गाडी, पेट्रोल असो वा हायब्रिड, स्टार्ट करून बघायची नाही. टो करून न्यायची.

साडभाऊंनी शेवटी छोटी पेट्रोल ऑटोमॅटिकच घेतली. वाचलेल्या पैशातून गच्चीवर सोलर बसवतो म्हणाले. अजून बसवलेलं नाही. एमआरची हायब्रिड मात्र त्याच दसऱ्याला आली, आणि तो आता रोज लिफ्टमध्ये त्यांना ॲव्हरेज सांगतो.