जुन्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स स्लिप होतो आहे का, हे कसे तपासावे

घाट चढताना ॲक्सिलरेटर दाबावा, इंजिनाचा आवाज चढावा, आरपीएमचा (इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांचा) काटा दोन हजारांवरून साडेतीन हजारांवर जावा आणि गाडीचा वेग मात्र होता तेवढाच राहावा, असे होऊ लागले की गिअरबॉक्स स्लिप होत असल्याची शंका घ्यावी. या टप्प्यावर ती केवळ शंकाच असते. ‘गिअरबॉक्स गेला, खोलावा लागेल’ हा निकाल गॅरेजमध्ये फार लवकर ऐकायला मिळतो. पंधरा-वीस वर्षांच्या गाडीत मात्र त्या कामाचा खर्च कित्येकदा गाडीच्या बाजारभावाजवळ जातो. म्हणून खोलण्याआधीची तपासणी मालकाने स्वतः समजून घ्यावी आणि ती स्वस्तापासून महागाकडे अशा क्रमाने करावी, असे माझे आग्रहाचे मत आहे.

सर्वप्रथम आपल्या गाडीत कोणत्या प्रकारचा गिअरबॉक्स आहे, ते गाडीच्या पुस्तिकेत पाहून घ्यावे. सीव्हीटीमध्ये (ठरावीक गिअरांऐवजी पट्टा आणि पुली असलेल्या गिअरबॉक्समध्ये) जोरात ॲक्सिलरेटर दिल्यावर आरपीएम आधी चढतो आणि वेग मागाहून येतो, ही त्या यंत्रणेची रीतच आहे. २०१४ साली आलेल्या सेलेरिओपासून आपल्याकडे रूढ झालेला एएमटी (क्लच आणि गिअर यंत्राने आपोआप हलवणारा गिअरबॉक्स) हा मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो. त्यातली स्लिप म्हणजे साध्या क्लचप्लेटची झीज. पुढचे विवेचन टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद ऑईलमार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) असलेल्या जुन्या, चार-पाच गिअरच्या ऑटोमॅटिकसाठी आहे.

अशा गिअरबॉक्समध्ये इंजिनावर फिरणारा पंप ऑईलचा दाब तयार करतो, तो दाब पिस्टनला ढकलतो आणि पिस्टन क्लचप्लेटांचा संच आवळून धरतो. प्लेटा पुरेशा आवळल्या गेल्या नाहीत की त्या एकमेकींवर घासत फिरतात, आणि यालाच स्लिप होणे म्हणतात. म्हणजे कारण एक तर ऑईलमध्ये असते, किंवा दाबात, किंवा खुद्द प्लेटांमध्ये. सगळी तपासणी या तिघांमधला दोषी शोधण्यासाठी आहे. आरपीएमही चढत नसेल आणि गाडीही ओढत नसेल, तर ती स्लिप नव्हे. अशा वेळी जाम झालेले ब्रेक, चोंदलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणारा डबा) किंवा इंधनपुरवठा यांच्याकडे आधी पाहावे.

तपासणीची सुरुवात ऑईलपासून करावी. गाडी पंधरा-वीस किलोमीटर चालवून गिअरबॉक्स पुरता तापू द्यावा आणि सपाट जागी उभी करावी. बहुतेक गाड्यांमध्ये इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून, लिव्हर प्रत्येक स्थितीत क्षणभर नेऊन परत ‘पी’मध्ये (पार्क) आणावा आणि मग डिपस्टिक (ऑईलची पातळी दाखवणारी पट्टी) काढावी, होंडाच्या अनेक जुन्या गाड्यांमध्ये मात्र इंजिन बंद करून मिनिट-दीड मिनिटाच्या आत पातळी पाहायची असते. हा फरक लक्षात न घेतल्याने चांगल्या गिअरबॉक्समध्येही विनाकारण ऑईल ओतले जाते. ऑईल कमी असले की पंप हवा ओढतो, ऑईलला फेस येतो आणि दाब घटतो. ते जास्त भरले तरी फिरते भाग त्यात घुसळण करतात आणि परिणाम तोच होतो. डिपस्टिक नसलेल्या गिअरबॉक्सची पातळी लिफ्टवर, खालच्या किंवा बाजूच्या बोल्टमधून पाहावी लागते.

पातळीइतकेच महत्त्व रंगाला आणि वासाला आहे. पांढऱ्या कापडावर थेंब घ्यावा. लालसर आणि पारदर्शक असेल तर उत्तम. तपकिरी पण वास नसलेले ऑईल जुने झालेले असते. काळपट आणि जळका वास येणारे ऑईल म्हणजे प्लेटांचे अस्तर जळाल्याची खूण. स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखे गुलाबी, गढूळ ऑईल दिसले तर त्यात पाणी शिरले आहे असे समजावे. रेडिएटरमधला ऑईल कूलर आतून फुटला की असे होते, आणि पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीत गिअरबॉक्सच्या श्वासनळीतूनही पाणी आत जाते. मुंबईसारख्या पाणी तुंबणाऱ्या शहरातून जुनी ऑटोमॅटिक गाडी घेताना हा थेंब पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये. पातळी कमी असल्यास गळती शोधून, पुस्तिकेत दिलेल्या प्रकारचेच ऑईल भरावे. टोयोटाचे टाईप टी-फोर, होंडाचे आणि ह्युंदाईचे ऑईल ही परस्परांच्या जागी चालणारी औषधे नाहीत.

ऑईल ठीक असेल, तर निरीक्षणे टिपायला एक वही घेऊन गाडी चालवावी. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि माझ्या मते निदानाचा अर्धा भाग इथेच असतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर आणि पुन्हा तापल्यावर ‘एन’मधून (न्यूट्रल) ‘डी’मध्ये (ड्राइव्ह) आणि ‘आर’मध्ये (रिव्हर्स) टाकून धक्का जाणवेपर्यंत किती वेळ लागतो ते मोजावे; गरम गिअरबॉक्समध्ये ‘डी’साठी सव्वा आणि ‘आर’साठी दीड सेकंदापेक्षा अधिक वेळ लागत असेल तर दाब उशिरा तयार होतो आहे. स्लिप केवळ थंड असताना होते आणि तापल्यावर जाते, तर बहुधा रबरी सील कडक झाले आहेत. तापल्यावर, ऑईल पातळ झाल्यावरच होत असेल, तर प्लेटांची झीज किंवा आतली गळती संभवते. प्रत्येक गिअरमध्ये होत असेल तर सामायिक कारण, म्हणजे पंप, फिल्टर किंवा मुख्य दाब, तपासावा. दुसऱ्यातून तिसऱ्यात जातानाच आरपीएम उसळत असेल तर त्या एका क्लचवर किंवा त्याच्या सोलेनॉइडवर (त्याच्याकडचे ऑईल सोडणाऱ्या विजेच्या झडपेवर) बोट ठेवता येते. ‘डी’मध्ये सुटताना गाडी ओढत नाही आणि ‘एल’मध्ये (लो, म्हणजे खालचा गिअर) मात्र नीट ओढते, असे दिसल्यास पुष्कळ गिअरबॉक्समध्ये एकाच दिशेने फिरणारा वन-वे क्लच निकामी झालेला असतो.

महामार्गावर ७० ते ८० किलोमीटरच्या स्थिर वेगात टॉर्क कन्व्हर्टरचे लॉक-अपही (स्थिर वेगात इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच) पाहता येते. ॲक्सिलरेटर तसाच ठेवून सहप्रवाशाला काट्यावर लक्ष ठेवायला सांगावे आणि ब्रेक पेडलला हलका स्पर्श करावा. लॉक-अप काम करत असेल तर ते सुटून आरपीएम किंचित चढतो आणि पुन्हा खाली येतो. मागे वाहन नसतानाच हे करावे.

त्यानंतर बाहेरच्या बाहेर दुरुस्त होणाऱ्या गोष्टी पाहाव्यात. जुन्या टोयोटांसारख्या काही गाड्यांत थ्रॉटलपासून (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेपासून) गिअरबॉक्सपर्यंत एक केबल जाते. ती सैल पडली की दाब कमी मिळतो आणि धडधाकट प्लेटाही घासू लागतात. पान्याने दहा मिनिटांत होणारे हे समायोजन न केल्यामुळे चांगले गिअरबॉक्स जळतात, याचे वाईट वाटते. गाडीला स्कॅनर जोडता येत असेल तर संगणकात नोंदले गेलेले दोषांचे कोड वाचून घ्यावेत. पी०७०० हा फक्त ‘गिअरबॉक्सच्या संगणकाकडे तक्रार आहे’ एवढेच सांगतो; पी०७३१ ते पी०७३४ हे पहिल्या ते चौथ्या गिअरचे गुणोत्तर जुळत नसल्याचे, तर पी०७४१ हा लॉक-अपचा दोष दाखवतो.

स्टॉल टेस्ट, म्हणजे ब्रेकने गाडी रोखून इंजिन किती आरपीएमपर्यंत चढते ते पाहणे, मात्र जाणत्या मेकॅनिककडूनच आणि ऑईल ठीक असतानाच करून घ्यावी. चाकांना अडसर लावून, हँडब्रेक ओढून, पायाने ब्रेक पूर्ण दाबून ‘डी’मध्ये ॲक्सिलरेटर पाच सेकंदांपेक्षा कमी वेळ पूर्ण दाबायचा, आरपीएम टिपायचा आणि पुन्हा करण्यापूर्वी ऑईल निवू द्यायचे. गाडीच्या पुढेमागे कोणीही उभे राहू नये. दुरुस्ती-पुस्तिकेतल्या आकड्यापेक्षा आरपीएम ‘डी’ आणि ‘आर’ दोन्हींत जास्त आला तर मुख्य दाब कमी आहे. एकातच जास्त आला तर त्या दिशेचा क्लच स्लिप होतो आहे. दोन्हींत कमी आला तर इंजिन अशक्त आहे किंवा टॉर्क कन्व्हर्टरमध्ये दोष आहे. गिअरबॉक्सच्या टेस्ट पोर्टला (दाब मोजण्यासाठी ठेवलेल्या छिद्राला) प्रेशर गेज लावल्यास हाच निष्कर्ष अधिक खात्रीने मिळतो.

शेवटी ऑईल पॅन (गिअरबॉक्सच्या तळाचे ऑईलचे तबक) काढावा. चुंबकावर करड्या रंगाची मऊ पेस्ट असणे स्वाभाविक आहे. धातूच्या चिपा किंवा पितळी कण दिसले, तर बेअरिंग, गिअर किंवा बुश झिजले आहेत; पॅनमध्ये साचलेला अस्तराचा काळा थर दिसला, तर प्लेटा संपल्या आहेत. ‘ऑईल बदलल्यामुळे गिअरबॉक्स गेला’ ही समजूत बहुधा अशाच गाड्यांतून आली आहे. अस्तर आधीच गेलेले असते आणि नवे ऑईल ते परत आणू शकत नाही. पॅन स्वच्छ असेल तर फिल्टर बदलून, ऑईल काढून तेवढेच पुन्हा भरावे; एका वेळी साधारण तिसरा हिस्सा ते निम्मे ऑईल बदलले जाते, म्हणून काही दिवसांनी हेच पुन्हा करावे, यंत्राने दाब देऊन धुण्याच्या फंदात पडू नये.

पॅनमध्ये अस्तर सापडले असेल तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नये. पुढची चाके ओढणारी गाडी असल्यास ती चाके जमिनीवर ठेवून टो करू नये, कारण इंजिन बंद असताना पंप फिरत नाही आणि आतले भाग कोरडे पडतात. गिअरबॉक्स खोलून दुरुस्तीला (ओव्हरहॉलला) देताना आपली वही मेकॅनिकच्या हाती द्यावी आणि टॉर्क कन्व्हर्टर बदलणे, ऑईल कूलर व त्याच्या नळ्या धुणे ही दोन कामे अंदाजपत्रकात लेखी घालून घ्यावीत. जुना गाळ तिथेच अडकलेला असतो आणि तो नव्या प्लेटांमध्ये परत येतो.