गावाचा प्रश्न फोनवरून मांडायला शिकवायचंय? फुकट, खुला वर्ग असा चालवा

माझं पोट लग्नाच्या व्हिडिओ एडिटिंगवर चालतं. गुरुवारी रात्री नऊला मात्र मी वर्ग घेते, आपल्या वस्तीतला प्रश्न फोनवरून मांडू पाहणाऱ्यांचा. फी नाही, सर्टिफिकेट नाही, मध्येच कुणीही यावं. तुम्हालाही असा वर्ग काढायचा असेल तर माझी पद्धत घ्या, हवी तशी मोडा.

जागेचा प्रश्न सोपा आहे. जित्सी मीटवर (व्हिडिओ बैठकीची फुकट साइट) येणाऱ्याला खातं लागत नाही, लिंक पुरते. बैठक उघडणाऱ्याला २०२३पासून लॉगिन करावं लागतं, तेवढं आपण करायचं. पण नऊ वाजता कुणाच्या भाकऱ्या चालू असतात, कुणाचा नेटपॅक संपलेला असतो. खरे विद्यार्थी ते, जे दुसऱ्या दिवशी ऐकतात. त्यांच्यासाठी धड्याच्या रेकॉर्डिंगमधली कामाची दहा मिनिटं ऑडॅसिटीत (आवाज कापायचं-जोडायचं फुकट सॉफ्टवेअर) वेगळी काढा, त्यांची मोनो, ३२ केबीपीएसची, म्हणजे साध्या आवाजाची हलकी एमपी३ करा आणि ग्रुपवर टाका. फाइल अडीच एमबीच्या आत बसते. शिकवताना ‘हे बघा, असं’ म्हणायचं टाळा. काय दिसतंय ते तोंडाने सांगा.

पहिल्या वर्गात कॅमेरा काढूच देऊ नका. एकच विचारा: हे कुणी बघायला हवं? ‘सगळ्यांनी’ हे उत्तर मी घेत नाही. पद सांगा. ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक), शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष, पाणीपुरवठ्याचा उपअभियंता. लाइक मोजायचे तर त्यासाठी दुसरे क्लास पुष्कळ आहेत.

दुसऱ्या आठवड्याचा गृहपाठ माहिती अधिकाराचा अर्ज. लोक चक्रावतात, हा कसला व्हिडिओचा वर्ग! पण महाराष्ट्राच्या २०१२च्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि साधारणपणे १५० शब्दांच्या आत लागतो. तेवढ्यात नेमकं मागता आलं की मिनिटभराची संहिताही जमते. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ, उत्तराची मुदत ३० दिवस. गाऱ्हाणं लिहायचं नाही. तारीख, रक्कम आणि बिलाची नक्कल मागायची.

एका ताईंनी हातपंपावर व्हिडिओ केला होता. मागे रडकी बासरी, वर लाल अक्षरांत ‘पाण्यासाठी वणवण’, आणि दर तीन सेकंदांनी शॉट बदललेला. मी म्हटलं, ताई, हे सगळं काढा आणि फोन विटांच्या थप्पीवर ठेवून एकच फ्रेम घ्या. नव्या व्हिडिओत फक्त दांडा, घागर आणि हापसणारे हात. कोरडी करकर ऐकू येते, मग गुळण्या टाकल्यासारखं थोडं पाणी. ताई हळू आवाजात हापसे मोजतात. मिनिट संपतं तेव्हा घागर अर्धीही भरलेली नसते आणि व्हिडिओ तिथेच तुटतो. ग्रामसभेत फोन हातोहात फिरला. दुरुस्तीच्या बिलाची नक्कल ताईंच्या पिशवीत होतीच, त्यामुळे बोलणं ‘बघू, करू’वर न थांबता थेट रकमेवर आलं.

सगळ्यांनाच व्हिडिओ करायचा नसतो. सत्यशोधक जलसेवाल्यांनी (गाण्या-नाट्यांतून फुल्यांचे विचार गावोगाव नेणाऱ्यांनी) तमाशाचा साचा घेतला, कारण तो लोकांच्या अंगवळणी पडलेला होता. आतला मजकूर मात्र त्यांचा स्वतःचा. तोच खेळ मी लग्नपत्रिकेवर खेळते (धंद्यामुळे माझ्याकडे पत्रिकांचा ढीग असतो). ‘आमचे येथे श्रीकृपेकरून चि. खड्डा आणि चि. सौ. कां. डबके यांचा शरीरसंबंध ठेकेदारसाहेबांच्या आशीर्वादाने योजिला आहे.’ मुहूर्ताच्या जागी काम पूर्ण करण्याची कागदावरची तारीख, आहेराच्या जागी मंजूर रक्कम. इंकस्केप या फुकट चित्र-मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये पत्रिका एका बैठकीत होते. लोक आधी हसतात, मग रक्कम वाचतात. ती चुकली तर पत्रिका आपल्यावरच उलटते, म्हणून कागद हातात असल्याशिवाय आकडा छापू देत नाही.

मुलांच्या बाबतीत मी कडक आहे. अत्याचाराच्या प्रकरणात मुलाचं नाव, चेहरा, शाळा, घर यातलं काहीही दाखवायचं नाही. पॉक्सो कायद्याच्या (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) कलम २३ खाली तो गुन्हा आहे. मोठ्यांची परवानगी कॅमेऱ्यासमोर घ्या आणि व्हिडिओ तयार झाल्यावर त्यांना दाखवून पुन्हा विचारा. फोनच्या कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद करा. व्हॉट्सअॅपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर त्यातली ठिकाणाची नोंद तशीच पुढे जाते, हे पुष्कळांना माहीत नसतं.

सिनेमाचं गाणं नको, कॉपीराइटचा दावा आला तर व्हिडिओचा आवाजच जाऊ शकतो. आजीला विचारून तिची ओवी रेकॉर्ड करा, नाहीतर नुसती करकर ठेवा.

धड्यांवर मी क्रिएटिव्ह कॉमन्सचा (आपलं काम इतरांना वापरू देणारे तयार परवाने) ‘श्रेय द्या, तसंच वाटा’ हा परवाना टाकते. कुणीही घ्यावं, बदलावं, अहिराणीत करावं. फक्त पुढे तेही खुलं ठेवावं. फाइलचं नाव तारीख-गाव-विषय असं द्या आणि ग्रुपचा अॅडमिन दुसऱ्या महिन्यापासूनच आणखी कुणाला तरी करा. लग्नसराईत मला गुरुवार जमत नाही, तेव्हा हातपंपवाल्या ताई वर्ग घेतात.